निर्दोष

वाक्य फार सभ्य होतं. 'आपल्या अपिलाचा मजकूर यंत्रानं लिहिलेला असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे. यंत्रवापराचं निवेदन सोबत जोडलेलं नाही. सबब अपील परत पाठवण्यात येत आहे.' रौशननं ते वाचलं, चष्मा गळ्यातल्या रुमालाला पुसला आणि पुन्हा वाचलं. समोरच्या दुधाच्या चहावर साय धरू लागली होती. खिडकीखालच्या पाटातून डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी खळाळत उताराला चाललं होतं आणि त्या आवाजाचा आज उगीचच राग येत होता. तिला आधी हसू आलं. फोन पुढचा शब्द सुचवतो तेवढंसुद्धा तिला खपत नसे, ती सोय तिनं मुलीकडून बंद करून घेतली होती. मग ते हसू ओठांवरच वाळलं आणि छातीच्या हाडाखाली काहीतरी जुनं हललं. कित्येक वर्षांपूर्वी मेलं असं तिनं धरून चाललेलं. चौथीच्या वर्गात रशियन शिकवणाऱ्या बाई तिचा निबंध दोन बोटांत धरून उभ्या आहेत, जसा उंदीर शेपटीनं धरावा. "हे तू लिहिलंस? खरं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?" सगळा वर्ग वळून बघतोय. तिनं ते खरंच स्वतः लिहिलं होतं. त्या आधीची दोन वर्षं तिच्या प्रत्येक पानावर लाल शाईचा सडा पडायचा, 'खेड्यातली' म्हणून मुलं चिडवायची, आणि म्हणून तिनं अख्खी सुट्टी व्याकरण घोकलं होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा एकही चूक झाली नाही, त्या दिवशी ती चोर ठरली.

अपील ओमिर्झाकचं होतं. हा म्हातारा जन्मभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेला. त्याच्या थोरल्या मुलाची पहिली मुलगी अक्बोता. दूध सुटल्या सुटल्या तिला त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या कुशीत दिलं. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही कझाकांची रीत. अशा देण्याचा कुणी कागद करत नाही. कुशीचा कसला कागद? बायको वारली, म्हातारा एकटाच मुलीच्या वेण्या घालायला शिकला. आता मुलगा-सून राजधानीत स्थिरावले होते, मागून झालेली दोन मुलं मोठी होत होती, आणि सुनेला वाटायला लागलं की आपली थोरली आपल्याला 'वहिनी' म्हणते हे काही बरोबर नाही. खालच्या कोर्टानं दोन पानांत निकाल दिला: पहिला हक्क आईबापांचा. अपिलाची मुदत शुक्रवारी संपत होती. आज मंगळवार.

हे अपील लिहायला रौशनला कधी नव्हे इतका वेळ लागला होता. कारण ती स्वतः कुशीतली होती. सात वर्षांची होईपर्यंत ती आजोबांना बाबा म्हणायची आणि सणावाराला शहरातून येणाऱ्या सुगंधी बाईला झेयनेप-वहिनी. मग एका उन्हाळ्यात झेयनेप-वहिनी तिला गाडीत घालून घेऊन आली आणि म्हणाली, आजपासून मला आई म्हणायचं. शहरातल्या त्या पहिल्याच शरदात तिला ताप भरला. दुपार होती, पडद्यावर पिवळं ऊन होतं, आणि ती 'बाबा, बाबा' म्हणून ओरडत होती. एक उंच, चष्मा लावलेला माणूस धावत आत आला, तिच्यावर वाकला, "काय गं? आलो, आलो." तिनं डोळे उघडून बघितलं आणि म्हणाली, "तू नाही." तो माणूस तसाच वाकलेला राहिला थोडा वेळ. मग त्यानं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर जाऊन दार हलकेच ओढून घेतलं. तो तिचा बाप होता. चांगला माणूस होता. ते दोन शब्द त्याला मरेपर्यंत पुरले असावेत, असं तिला अलीकडे वाटायचं. अपिलात यातलं काहीच नव्हतं. वकिलानं स्वतःचं गाऱ्हाणं घालायचं नसतं. फक्त एक वाक्य होतं, ज्यासाठी तिनं आठवडा घालवला: 'मूल कुठे राहतं हे पत्त्यावरून कळतं, ते कुणाचं आहे हे तापात ते कुणाला हाक मारतं त्यावरून कळतं.'

"ब्याण्णव?" येर्सायिननं तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत शीळ घातली. एका खोलीत दोन टेबलं टाकून दोघं वीस वर्षं वकिली करत होते. तो गोल, हसरा, कायम काहीतरी चघळणारा. आज सामसा होता, आणि मांसाचा वास सगळ्या खोलीभर. "अभिनंदन बाईसाहेब. एवढे तर यंत्रालाही पडत नाहीत."

"चेष्टा नकोय मला."

"चेष्टा नाही गं, शिकून घे. मी यंत्राकडून लिहून घेतो. मग ते दुसऱ्या यंत्रात घालतो, ते त्यात चुका पेरतं. एखादा स्वल्पविराम खातं, एखादं वाक्य अर्धवट सोडतं, दोन ठिकाणी 'म्हणजे असं की' घालतं. माझे अर्ज कायम चार टक्के. वकील संघाच्या नोंदीत मी शहाण्णव टक्के माणूस आहे, विचार कुणालाही. माझ्या बायकोलासुद्धा एवढी खात्री नाही."

"आणि मी?"

"तू आठ टक्के. म्हणजे साधारण करंगळीएवढी." तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "अगं, सोड ना. निवेदन जोड, 'वापरलं' म्हण आणि मोकळी हो. वापरायला बंदी कुठाय? फक्त सांगायचं."

"पण मी वापरलं नाही."

"मग काय झालं? मी वापरतो आणि 'नाही' म्हणतो. तू नाही वापरत, 'हो' म्हण. फिट्टंफाट!"

तिला त्याच्या हातातला सामसा घेऊन त्याच्या तोंडात कोंबावासा वाटला. राग त्याच्यावर नव्हता, हे कळत होतं, म्हणून तो आणखीच चढत होता. राग कुणावर करायचा हेच सापडेना. कोर्टात जाणारा प्रत्येक मजकूर आधी संघानं तपासावा, हा नियम वाईट नव्हता. नव्या वर्षात वकिलांच्या 'अलाताउ' संघानं तो केला, तेव्हा तिनं स्वतः हात वर केला होता. गेल्या साली कुणा तरुण वकिलानं यंत्राच्या भरवशावर असा निवाडा कोर्टात वाचून दाखवला होता, जो कधी झालाच नव्हता. त्याचा पक्षकार घर घालवून बसला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, चाळणी हवी. ती चाळणीच्या बाजूची होती! आणि चाळणीत अडकली ती एकटी. येर्सायिन खाली पडला, स्वच्छ, बारीक, चार टक्के.

दुपारी ती संघाच्या कचेरीत गेली. शहराच्या खालच्या अंगाला नवी काचेची इमारत, आत जाताना बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागतात. त्या घालताना वाकावं लागलं आणि कमरेतून कळ गेली. तपासणीवर दियार नावाचा मुलगा होता, तिशीचा असेल, नीट कातरलेली दाढी, आवाज मऊ. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला वाटलं होतं भांडण करावं लागेल. ह्या मऊपणाशी भांडायचं कसं तेच कळेना.

"आपाय," तो वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हणाला, "आम्ही आरोप करत नाही. फक्त आकडा कळवतो."

"मला दाखवा. कुठे दिसलं तुम्हाला यंत्र?"

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. तिचं अपील पिवळ्या रंगात भिजलेलं होतं. जितकं यंत्र जास्त, तितका रंग गडद, असं तो म्हणाला. कायद्याची कलमं पांढरी होती, कारण ती जशीच्या तशी उतरवलेली होती. खालच्या कोर्टाच्या निकालातली तिनं उद्धृत केलेली वाक्यं, एकाहून एक बोजड, एकात तर कर्ताच हरवलेला, तीही पांढरी. ती पुढे वाकली. सगळ्यात गडद पिवळं, जवळजवळ केशरी, तापाचं वाक्य होतं.

"हे?" तिनं काचेवर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला. "हे यंत्रानं लिहिलं?"

"शक्यता सर्वात जास्त तिथेच आहे. दोन भाग, मध्ये स्वल्पविराम, तोल सांभाळलेला. यंत्र असं लिहितं."

"यंत्र असं कुणाकडून शिकलं?"

दियार हसला. चांगलं हसला, मान खाली घालून. "आपाय, तुमचं म्हणणं मला समजतं. तुमचे कच्चे मसुदे आहेत का? खाडाखोड वगैरे?"

नव्हते. मसुदे तिच्या डोक्यात असायचे. वाक्य पूर्ण बसेपर्यंत कागदावर उतरवायचं नाही, ही सवय शाळेतली. कागदावर आलेली चूक लोकांना दिसते, डोक्यातली दिसत नाही. बसमध्ये, भाजी चिरताना, अंघोळीत ती वाक्य फिरवत राहायची, बोर जिभेवर फिरवावं तसं, शेवटी नुसती गुळगुळीत बी उरेपर्यंत. आता हे ह्याला कसं सांगायचं? आणि सांगितलं तर पुरावा काय?

"तुमची वाक्यं फार नीट आहेत," तो म्हणाला, जणू डॉक्टर रिपोर्ट वाचतोय.

"नीट लिहिणं गुन्हा आहे?"

"गुन्हा नाही. लक्षण आहे."

मग त्यानंच मार्ग काढला. शेजारच्या खोलीत बसून, कॅमेऱ्यासमोर, एखादं पान लिहून दाखवा. त्याला खरंच मदत करायची होती, हे सगळ्यात जाचक. ती बसली. पांढऱ्या भिंती, वर काळा डोळा, हातात संघाचं नाव असलेलं फुकटचं पेन. काय लिहायचं? तिनं अपिलाचाच मधला भाग घेतला आणि लिहू लागली, आणि दोन ओळींतच लक्षात आलं की ती लिहीत नाही, आठवते आहे. वाक्य पाठ होतं, ते जसंच्या तसं उतरत होतं. थांबली. वेगळं लिहावं म्हणून मुद्दाम दुसरा शब्द घेतला, तो चुकीचा वाटला, खोडला, खोडल्याचं समाधान वाटलं, त्या समाधानाची शरम वाटली. एका ठिकाणी मुद्दाम विभक्ती चुकवायची म्हणून पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. अक्षरशः जाईना. घोड्यानं पुलाच्या तोंडाशी अडावं तसा हात अडला. चौथीतली ती पोर आत बसून मनगट धरून होती: नाही, चूक नाही, ते बघतायत. पंचावन्नाव्या वर्षी, कुणाच्या तरी नातीसाठी, एक चूक करता येऊ नये! तिनं पान सरळ लिहून काढलं, जसं लिहिता येत होतं तसं, आणि देऊन टाकलं.

निकाल तिथेच आला. अठ्ठ्याऐंशी.

"थोडं कमी झालंय," दियार म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "पण समिती म्हणेल, पाठ करून आल्या. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे, आपाय. तिथे तुम्ही बाजू मांडू शकता."

"माझी मुदत ह्या शुक्रवारी संपते."

"मग निवेदन जोडणं सोपं पडेल," तो खाली बघत म्हणाला.

ती चालतच वर निघाली. डोंगर समोर होते, धुरकटात अर्धे पुसलेले. बस घ्यायला हवी होती, पण बसमध्ये उभं राहून कुणाचा तरी कोपर खाण्याची ताकद नव्हती. ती मनात भाषणं करत होती. समितीसमोरची भाषणं, एकाहून एक नेमकी, आणि प्रत्येक भाषण मनातल्या मनात पिवळं पडत होतं. हे तर फारच तोलून आलं. हे तर यंत्रच. एका चौकात तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःचंच वाक्य त्या मुलाच्या डोळ्यांनी तपासतोय, आणि ती भररस्त्यात "छे!" असं मोठ्यानं म्हणाली. शेजारून ढकलगाडी नेणाऱ्या बाईनं दचकून बाळाकडे बघितलं. ही रशियन भाषा माझी नव्हती, रौशनला वाटलं. ही मी दात-ओठ खाऊन मिळवली. त्यापायी घरची बोली इतकी मागे टाकली की आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मातीला बसलेल्या बायकांसारखं हेल काढून रडताही आलं नाही. नुसती उभी राहिले. एवढं देऊन जे घेतलं, ते आता दुसऱ्याच कुणाचं म्हणतात.

बुधवारी ओमिर्झाक आला. टोपी हातात, कोट गळ्यापर्यंत लावलेला, पिशवीत तिच्यासाठी वाळवलेल्या दह्याचे गोळे. येर्सायिननं उठून त्याला, वडीलधाऱ्याला द्यावी तशी, स्वतःची खुर्ची दिली.

"बस ना आगा. चहा ओत गं रौशन."

"कोर्टातून काय आलं, पोरी?"

तिनं सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, तर ते जास्तच वेडगळ वाटायला लागलं. म्हातारा कान देऊन ऐकत होता.

"म्हणजे त्यांचं म्हणणं, तू नाही लिहिलंस."

"हो."

"पण मला तर तू वाचून दाखवलंस. ते तापाचं. मला तेव्हा..." त्यानं हातानं घसा दाखवला. "ते यंत्राचं होतं?"

"नाही, आगा."

"बरं." तिला स्पष्ट दिसलं की त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याच वेळी त्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. "काल तिच्या शाळेतून फोन होता," तो म्हणाला. "मधल्या सुट्टीत ती दप्तर घेऊन फाटकाशी उभी राहते. विचारलं तर म्हणते, न्यायला आले तर मी आधीच पळून जाईन. कुठे जाशील विचारलं, तर म्हणाली ट्रॉलीबसच्या आगारात. तिला वाटतं मी अजून तिथे आहे." टोपी त्याच्या हातात फिरत होती. "पोरी, त्यांना काय हवं ते लिहून दे ना. तुझं काय जातं?"

तुझं काय जातं! येर्सायिन खिडकीबाहेर बघत होता. ती उठली, चहाची किटली पुन्हा तापायला ठेवली, जी आधीच गरम होती. तिला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, लगेच त्या संतापाची लाज वाटली. काय जातं? खरंच, काय जातं? एक खूण करायची, 'मजकूर यंत्राच्या साह्याने तयार केला' या ओळीसमोर. कुणी मरत नाही. फाटकाशी दप्तर घेऊन उभी राहणारी पोर आत वर्गात जाऊन बसेल. ती टेबलाशी बसली आणि खूण केली. सही केली. पाठवलं. काही वेळात उत्तर आलं: 'निवेदनाबद्दल आभार. अपील पुढे पाठवले आहे.' चाळणीची भोकं एकदम केवढी मोठी झाली.

सुनावणी मे महिन्यात झाली. कोर्टाच्या अंगणात लिलाक फुललेला, खिडक्या उघड्या, आणि आत तो गोड वास डोकं उठवत होता. मुलाच्या बाजूचा वकील चलाख होता. न्यायाधीशबाईंनी तापाचं वाक्य वाचून दाखवायला घेतलं, तसा तो उभाच राहिला.

"माननीय न्यायालय, हे वाक्य यंत्राचं आहे. निवेदन सोबत आहे. माझा साधा प्रश्न आहे, यंत्राला कधी ताप आला होता?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून रौशनकडे बघितलं. वयानं तिच्याच बरोबरीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. "वकीलबाई, हे वाक्य तुमचं आहे की यंत्राचं?"

रौशन उठली. 'माझं' हा शब्द तिच्या तोंडात तयार होता, त्याचं वजन जिभेला जाणवत होतं. पण 'माझं' म्हटलं की निवेदन खोटं, निवेदन खोटं की अपील बाद, आणि मुदत तर केव्हाच गेलेली. ओमिर्झाक पहिल्या बाकावर पाठ ताठ करून बसला होता. त्याच्या शेजारी अक्बोता, वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या. पलीकडच्या बाकावर सून रुमाल चुरगाळत होती. तिच्याकडे बघताना रौशनला झेयनेप आठवली, आणि बापाचं ते वाकून राहणं आठवलं, आणि कळलं की ही सूनसुद्धा खोटी नाही.

"निवेदनात जे आहे ते आहे," ती म्हणाली आणि बसली.

न्यायाधीशबाईंनी तो कागद बाजूला ठेवला. "यंत्राला ताप आला नसेल," त्या म्हणाल्या, "पण मुलांना येतो." मग त्यांनी अक्बोताला आत, आपल्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या, तेव्हा मुलीच्या गालात बिस्किट होतं. निकाल झाला: मूल आजोबांकडे राहील, सुट्ट्यांत आईबापांकडे जाईल, कुणी कुणाला काय म्हणायचं हे न्यायालय ठरवणार नाही. सून रडली. ओमिर्झाक तिच्याकडे गेला आणि काही न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

रौशन बाहेर व्हरांड्यात आली. आनंद व्हायला हवा होता, आणि होत होता, पण दुसऱ्या कुणाच्या घरी लग्न असावं तसा. फोन वाजला. दियार होता.

"आपाय, आत्ताच कळलं! न्यायालयानं ते वाक्य निकालात घेतलं म्हणे. आम्ही पुढच्या महिन्यात तरुण वकिलांसाठी वर्ग ठेवतोय, यंत्र नीट आणि प्रामाणिकपणे कसं वापरावं यावर. तुमचं अपील नमुना म्हणून घ्यायचं ठरलंय. तुम्ही येऊन शिकवाल?"

"मी ते वापरलं नव्हतं, दियार. निवेदन खोटं होतं. ते मी लिहिलं."

तो हसला, तसाच चांगला, मऊ. "आपाय, तुम्ही फार विनम्र आहात. नाहीतर लोक यंत्राचं आपलं म्हणून खपवतात. म्हणून तर तुम्हीच हव्यात."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती पुन्हा बोलली, ह्या वेळी कझाकमध्ये. आजोबांच्या गावचे हेल जसे येतील तसे, अडखळत, विसरलेले शब्द चाचपडत, एक क्रियापद साफ चुकवत. सगळं सांगितलं, ताप, पिवळा पडदा, अंगावर वाकलेला माणूस, 'तू नाही' म्हटलेलं. आवाज चढला होता. जाणारे-येणारे वळून बघत होते. ती थांबली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आपाय," दियार संकोचून म्हणाला, "माफ करा, मी रशियन शाळेत शिकलोय, माझं कझाक यथातथाच आहे. जरा रशियनमध्ये सांगता का?"